जहाजावरचे रातकिडे

कान तपासणाऱ्या बाईंनी वेंडेल कोलारिकला विचारलं, "तुमचे कान वाजतात का?" आणि वेंडेलने सांगितलं, "नाही."

एका शब्दात माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि घरी येऊन बायकोला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. तपासणी कशी झाली म्हणून अर्लीनने विचारलं तर "झाली" म्हणाला, आणि ताटलीत जर्दाळू भरलेला कोलाचे, म्हणजे गोड पाव, घेऊन खिडकीशी जाऊन बसला. चार महिन्यांनी, ऐन जानेवारीत, माजी सैनिकांच्या खात्याचं पत्र आलं तेव्हा सगळं उघडकीला आलं. पत्रात लिहिलं होतं की अर्जदार कान वाजत असल्याचं नाकारतात. नौदलातल्या कागदपत्रांत कानाची तक्रार कुठेही नाही. शिवाय नौदलातून परतल्यावर अर्जदाराने अडतीस वर्षं धान्याच्या कोठारावर, मका वाळवायच्या मोठ्या पंख्यांशेजारी नोकरी केली आहे. सबब भरपाईचा अर्ज नामंजूर.

"नाकारतात!" अर्लीनने पत्र टेबलावर आपटलं. "अरे, वाजत नाहीत तर अर्ज कशाला केलास?"

"एमिलने भरला फॉर्म. म्हणाला, सगळ्यांचेच वाजतात, तुझेही वाजत असतील."

"आणि मग बाईंनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा खरं सांगितलं."

ब्रेनिक हे नेब्रास्कातलं एवढंसं गाव. तिथल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी कॉफीला जमणाऱ्या अकरा जणांपैकी दहा जणांचे कान सरकारदरबारी रीतसर वाजत होते. वेंडेलचेच तेवढे वाजत नव्हते. आणि हा माणूस दोन वर्षं विमानवाहू जहाजाच्या डेकवर होता. गोफणीतून दगड भिरकवावा तशी विमानं हवेत भिरकावणारं जे यंत्र असतं, त्याला विमान अडकवायचं आणि वाकून पळत सुटायचं, हे त्याचं काम. पुढच्या मंगळवारी तिथे हाच एमिल सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाला, "काय रे, खोटा अर्ज केला होतास की काय?" एमिलच्या मनात काही नव्हतं, त्याची जीभच तशी आहे. पण वेंडेलने कप धुऊन फळीवर पालथा घातला आणि त्यानंतर तो मंगळवारी घरीच राहू लागला.

पैशाचं अर्लीनला फारसं काही नव्हतं, ते यायचे ते थोडेच. पण हा माणूस कोठारावर अडतीस वर्षं वजनकाट्यावर बसला आणि त्याच्या मापाबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. तो मनातून खचला होता. कुणाला दिसत नव्हतं, कारण वेंडेल बोलत असतानाही फारसं काही दिसत नसे. अर्लीनला मात्र दिसत होतं. ती त्याला धरून काउंटीच्या कोर्टात घेऊन गेली.

कोर्टाच्या तळघरात योलांडा ट्रेव्हिनो बसायची. माजी सैनिकांचे अर्ज आणि अपिलं बघणं हे तिचं काम. स्वतः इराकमध्ये ट्रक चालवून आलेली, चाळिशीची, मोठ्याने हसणारी. तिने नामंजुरीचं पत्र दोनदा वाचलं, मग खुर्ची पुढे ओढून वेंडेलसमोर आणली.

"मिस्टर कोलारिक, मी निराळं विचारते. वीज गेलीय, पंखा बंद, घरात एकदम चिडीचूप. तेव्हा काय ऐकू येतं?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"रातकिडे."

योलांडाने पेन खाली ठेवलं. तळघराच्या छतालगतच्या खिडकीला निम्म्यापर्यंत बर्फ लागला होता. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. "आत्ताही?"

"आत्ता तर जोरात आहेत. तुझी खोली फार शांत आहे, पोरी."

"मग त्या बाईंना नाही का म्हणालात हो?"

"त्यांनी विचारलं, कान वाजतात का. वाजणं म्हणजे घंटा. नाहीतर कुणी नसताना हाक ऐकू येणं. माझं तसं काही नाही. माझे रातकिडे ओरडतात."

योलांडा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वेंडेलही कसनुसा हसला. अर्लीन तेवढी हसली नाही. का, हे तिचं तिलाच अजून नीट कळलं नव्हतं.

"यालाच म्हणतात कान वाजणं," योलांडा डोळे पुसत म्हणाली. "कुणाला शिट्टी, कुणाला उकळती किटली, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणांना रातकिडे. आता एकच सांगा. कधीपासून? कोठारावर लागण्याआधीपासून?"

वेंडेलने अर्लीनकडे पाहिलं. एकदाच, ओझरतं. मग तो टोपीशी चाळा करत म्हणाला, "आठवत नाही. पूर्वीपासून."

"पूर्वीपासून चालणार नाही. ते म्हणणार, कोठारावरच्या पंख्यांनी कान गेले. जहाजावर असताना सुरू झालं असं दाखवणारं काहीतरी लागेल. सोबतीचा माणूस आहे कुणी?"

"दोघं होते. दोघेही गेले."

"डायरी? पत्रं? घरी लिहायचात ना?"

"एखादं."

"मिसेस कोलारिक, तुमच्याकडे आहे का एखादं जपलेलं?"

"नाही बाई," अर्लीन म्हणाली. "असलं काही नाही माझ्याकडे."

इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. उभ्या जन्मात सरकारी कचेरीत खोटं बोलायची तिच्यावर ही पहिलीच वेळ. योलांडाने अपिलाचे कागद भरले, सुनावणी मागितली, सही घेतली.

पत्र होतं. कपाटात, चर्चला जातानाच्या हातमोज्यांच्या डब्यात, सगळ्यात खाली. एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या मार्चचं, व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातून आलेलं. वेंडेलने तिला दोन वर्षांत तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांत जेवण आणि हवामान होतं. तिसऱ्यातही जेवण आणि हवामान होतंच, पण शेवटी लिहिलं होतं: 'झोपायला पडलो की रातकिडे ऐकतो. वाटतं, तुमच्या मागच्या पायरीवर बसलोय आणि तू अजून दार लावलेलं नाहीस.'

या दोन ओळींवर अर्लीनने लग्न केलं होतं. तेव्हा बँकेतला रॉडनी तिच्या मागे होता. त्याच्याकडे स्वतःची मोटार होती, आणि तो गोडही बोलायचा. आई रोज म्हणायची, अगं, त्या कोलारिकांच्या मुक्या पोरात काय बघतेस? अर्लीनने आईला ते पत्र कधी दाखवलं नाही. समुद्राच्या मध्यावर, युद्धात, त्या मुक्या पोराला तिच्या पायरीवरचे रातकिडे ऐकू येतात, हे तिला पुरलं होतं. पुढच्या बावन्न वर्षांत वेंडेलने तसलं काही पुन्हा लिहिलं नाही आणि बोलून तर मुळीच दाखवलं नाही. बागेला पाणी घातलं, दोन मुली वाढवल्या, तिच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात आईला उचलून न्हाणीघरात नेलं, पण बोलला नाही. कधी फार कोरडं वाटलं की अर्लीन हातमोज्यांचा डबा काढून बसायची.

आणि आता कळत होतं की ते कानाचं दुखणं होतं.

त्या दिवशी घरी येऊन तिने पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच तिला ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं वाटलं. मग आणखी एक गोष्ट आठवली आणि ती पलंगावर बसलीच. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. संध्याकाळची वेळ, बाहेर बर्फ भुरभुरतोय, स्वयंपाकघरात दोघंच. वेंडेल म्हणाला होता, "आज किती ओरडतायत."

"कोण?"

"रातकिडे."

"बर्फात? वेंडेल, तुझे कान वाजतायत!" आणि ती खळखळून हसली होती. तोही हसला होता. त्याच आठवड्यात त्याने दुकानातून उभा पंखा आणला आणि पलंगाशी लावला. तेव्हापासून तो पंखा, म्हणजे त्या जातीचा चौथा पंखा, कडाक्याच्या थंडीतही रात्रभर चालू असायचा. आवाजाशिवाय झोप लागत नाही, म्हणायचा. ती पन्नास वर्षं तीन पांघरुणं घेऊन कुरकुरत होती, हट्टी म्हणत होती, ऐकलं नाही की कानात बोळे घातलेस का म्हणून ओरडत होती. आणि तो बिचारा एकदा जे म्हणाला ते म्हणाला. तिने हसण्यावारी नेलं, तेव्हा गप्प बसला.

एवढं सगळं कळूनही अर्लीनने पत्र काढून दिलं नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी नाही दिलं. तो कागद सरकारी फायलीत गेला, त्याच्यावर शिक्का बसला, त्याला पुरावा हे नाव पडलं की मग तिच्याकडे काय उरणार? कधी वाटायचं, नवऱ्याची अब्रू मोठी की दोन ओळी? कधी वाटायचं, योलांडा काढेलच काहीतरी मार्ग. असे सोळा महिने गेले. वेंडेल मंगळवारी घरीच बसून राहिला. एमिल दोनदा दारात येऊन माफी मागून गेला, वेंडेलने त्याला चहा दिला आणि तेवढंच.

सुनावणी मे महिन्यात लागली, योलांडाच्याच तळघरात. भिंतीवरच्या पडद्यावर वॉशिंग्टनहून न्यायाधीश बाई दिसत होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, मागे सुकलेल्या रोपाची एक कुंडी. निघताना अर्लीनने हातमोज्यांचा डबा उघडला होता. देईन असं ठरलं नव्हतं. घरी ठेवावं असंही ठरलं नव्हतं. पत्र तिने नुसतं पर्समध्ये टाकलं.

शपथ झाली. रातकिड्यांचं सांगून झालं. "कान वाजतात का" याचा अर्थ आपल्या अशिलाला कसा लागला, हे योलांडाने सांगितलं तेव्हा न्यायाधीश बाईही किंचित हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"मिस्टर कोलारिक, तुम्हाला आवाज ऐकू येतो यावर माझा विश्वास आहे. माझी अडचण निराळी आहे. अडतीस वर्षं कोठारावरचे पंखे. आवाज त्याआधी सुरू झाला हे मला कशावरून कळावं? पहिल्यांदा कधी ऐकलात, आठवतंय?"

वेंडेलने पुन्हा अर्लीनकडे पाहिलं. तेच ओझरतं पाहणं.

"नाही सांगता येणार, बाईसाहेब."

"अंदाजे?"

"नाही सांगता येणार."

योलांडाने डोळे मिटले. वेंडेलची मान खाली होती आणि टोपी मांडीवर होती. त्याचे हात अर्लीनने इतके म्हातारे कधी पाहिले नव्हते. तिने पर्स उघडली.

"माझ्याकडे एक पत्र आहे," ती म्हणाली. "मी या मुलीला नाही म्हणून सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं. त्याची काय शिक्षा असेल ती नंतर करा, आधी हे ऐका."

"शिक्षा नाही होत, मिसेस कोलारिक," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "वाचा."

तिने तारीख वाचली, जहाजाचं नाव वाचलं. डब्यातल्या पीचच्या फोडी आणि आठवडाभराचं वादळ वाचलं. शेवटच्या दोन ओळीही वाचल्या.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "मिस्टर कोलारिक, जहाजावर रातकिडे होते?"

"नाही, बाईसाहेब. समुद्रात रातकिडे कुठून येणार?"

"मग हे काय लिहिलंत?"

वेंडेलने मांडीवरची टोपी हातात घेतली. मग बोलायला लागला, आणि आयुष्यात बोलला नसेल इतकं एका दमात बोलला.

"डेकवर एका रात्री एक विमान कानाशी फार जवळून गेलं. खाली येऊन खाटेवर पडलो तर रातकिडे. मला वाटलं, धान्याच्या पोत्यातून आले असतील. टॉर्च घेऊन खाटेखाली शोधले. सोबतची पोरं खूप हसली. तिसऱ्या दिवशी कळलं, बाहेर काही नाही, माझ्या डोक्यातच आहे. घाबरलो मी. एकवीस वर्षांचा होतो. वाटलं, वेड लागतंय. कुणाला सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं वेडा म्हणून. झोप येईना. तेव्हा मग मी ठरवलं, की हे हिच्या मागच्या पायरीवरचे रातकिडे आहेत. जायच्या आधी एका संध्याकाळी बसलो होतो तिथे. तसं ठरवल्यावर झोप लागली. रोज तसंच करायचो. अजूनही करतो, पंखा नसला तर."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"ही बसली होती ना शेजारी." त्याने टोपीनेच अर्लीनकडे दाखवलं. "हिने ते पत्र जपून ठेवलंय, मला माहीत आहे. हातमोज्यांच्या डब्यात असतं. हिला वाटतं, मी खरे रातकिडे ऐकले. नव्हते असं सांगितलं असतं, तर ही म्हणाली असती, पत्र खोटं होतं."

न्यायाधीश बाईंनी चष्मा पुन्हा घातला, उगाचच कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "पत्राची प्रत फायलीला जोडा. मूळ कागद मिसेस कोलारिकना परत द्या."

घरी जाताना गाडी अर्लीन चालवत होती. दोन्ही बाजूंना नुकता पेरलेला मका वीतभर वर आला होता. गाव मागे पडलं. शेवटी तीच म्हणाली, "बावन्न वर्षं पोटात ठेवलंस."

"तूही ठेवलंस की सोळा महिने."

"माझे कान तेव्हाच उपटायला हवे होतेस तू. त्या पहिल्या हिवाळ्यात. मी हसले तेव्हा."

"हसलीस ते बरं वाटलं होतं."

"मूर्ख आहेस."

"हो," वेंडेल म्हणाला. तिने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, आणि पोटभर रडून घेतलं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

सप्टेंबरात अपील मंडळाचा निकाल आला. अपील मंजूर. अर्लीनने तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. त्यात एक वाक्य होतं, जे पुढे एमिलने वहीत उतरवून घेतलं आणि हॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं: 'खुल्या समुद्रावर रातकिडे असण्याचा संभव नाही, असे मंडळाचे मत आहे.' त्याच्याखाली लिहिलं होतं की अर्जदार आणि त्यांची पत्नी या दोघांचंही म्हणणं विश्वासार्ह वाटतं. ते वाक्य वेंडेलने तिला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. पुढच्या मंगळवारी तो हॉलमध्ये गेला, फळीवरचा पालथा कप सुलटा केला आणि बसला. एमिलने कॉफी ओतताना कपाबरोबर बशीही भरली.

पत्र हातमोज्यांच्या डब्यात परत गेलं. अर्लीन ते पूर्वीइतकं काढत नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसली होती. आता ती पायरी तिच्या आईच्या घराची नव्हती, यांच्याच घराची होती. पण अंगण तसंच, मका तसाच. सगळा सप्टेंबर बाहेर रातकिड्यांनी रान उठवलं होतं. वेंडेलला बाहेरचे कुठले आणि आतले कुठले ते वेगळं सांगता येत नसे. अर्लीनने ते काम आपल्याकडे घेतलं होतं. रोज ती सांगायची, आज खूप आहेत, आज दोन-चारच आहेत, आज एकच आहे कुठेतरी कुंपणाशी. त्या दिवशी दुपारपासून हवा कडक झाली होती आणि आदल्या रात्री पहिलं दव गोठलं होतं. ती बराच वेळ कान देऊन बसली. मग तिने शाल त्याच्याही खांद्यावर ओढली.

"थांबले रे," ती म्हणाली. "एकही नाही."

वेंडेलने मान हलवली. तो अंगणाकडे बघत होता.

"मग आता राहिले ते तुझे," तो म्हणाला.